तळहातावरचं ताक

गेल्या वर्षी एका जुन्या शाळेची स्मरणिका कुणीतरी मला वाचायला आणून दिली. शाळेच्या बोर्डिंगचा इतिहास तिच्यात दोन पानांत उरकला आहे. त्यात असं म्हटलंय, की निजामाच्या राज्यात एका पावसाळ्यात फाटकावर ताक विकणाऱ्या बाईच्या घाणेरड्या ताकामुळं मुलं आजारी पडली आणि एक मुलगा दगावला. लिहिणारा तेव्हा जन्मलाही नसेल. त्यानं कुणाकडून तरी ऐकलं, त्या कुणी आणखी कुणाकडून. मी मात्र त्या दिवशी त्या फाटकावर उभा होतो. ही गोष्ट खोटी आहे. ती जन्मली तेव्हाच मी एक घोट ताक प्यालो असतो, तर ती तिथल्या तिथं मेली असती.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं दवाखान्यातल्या गमती मागितल्या होत्या. गमतीही येतील. पण ऐंशी ओलांडलेला माणूस नुसत्या गमती सांगायला लागला, की ऐकणाऱ्यानं सावध व्हावं. तो काहीतरी झाकत असतो.

मी औरंगाबादच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. आता कंपाउंडर म्हटलं, की लोकांना नंबर लावणारा आणि पैसे घेणारा माणूस आठवतो. तेव्हा औषधं तयार येत नसत, ती करावी लागत. डॉक्टरसाहेब आतल्या खोलीत जीभ बघून, पोट चाचपून उर्दूत नुस्खा लिहायचे. तो कागद माझ्या खिडकीशी यायचा. मी खलात पूड घोटायची, मापाच्या ग्लासानं अर्क मोजायचे आणि पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत मिक्स्चर भरून द्यायचं. बाटल्या तऱ्हेतऱ्हेच्या. कुणाची अत्तराची, कुणाची तेलाची, कुणाची नको त्या वासाची. भरलेल्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची. तिच्या कडेला कात्रीनं दाते पाडलेले असत. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत एक खुराक. वाचता न येणाऱ्याला ते दाते बरोबर समजत. माझे दाते सारखे पडत, आणि त्याचा मला गर्व होता.

औषधाला रंग लागायचाच. पांढऱ्या औषधावर लोकांचा विश्वास नव्हता. "पाणी दिलं," म्हणून खिडकीशी भांडत. तेच औषध गुलाबी करून दिलं, की दुसऱ्या दिवशी गुण आलेला असे.

विश्वास हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुर्मिळ माल होता. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. हिवतापावरचं कोयनेल मिळत नव्हतं, आणि जे मिळत होतं त्यात काय मिसळलंय, अशी शंका आम्हालाच यायची. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, आवई उठली, की सरकारची माणसं विहिरींत लाल औषध टाकायला निघत, आणि बाया घागरी पालथ्या घालून त्यांच्यापुढं उभ्या राहत. विहीर बाटवताहेत, पोरं होऊ नयेत म्हणून टाकताहेत, काय काय बोलत. ह्या विहिरीवरच्यांना त्या विहिरीवरच्यांचा संशय, मराठी बोलणाऱ्याला उर्दू बोलणाऱ्याचा, उर्दू बोलणाऱ्याला मराठी बोलणाऱ्याचा, आणि सगळ्यांना मिळून खिडकीमागच्या माणसाचा. तो माणूस मी.

त्यातूनच आमच्या दवाखान्यात एक रीत पडली होती. ती पाडली एका निवृत्त जमादारानं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांची पक्की खात्री होती, की त्यांच्या तिन्ही सुना मिळून त्यांना विष घालताहेत. कधी डाळ, कधी खिचडी रुमालात बांधून आणायचे आणि मला म्हणायचे, "सूंघके देखो, कंपोंडरसाब. ये बास अच्छी नै."

"चाचा, हिंगाचा वास आहे."

"हौ, हिंग इसीच वास्ते डालते. दुसरी बास छुपाने."

सुनांवर संशय, तसाच माझ्यावरही. बाटली हातात घेतली, की म्हणायचे, "पहले तुम." मी तोंड लावलं असतं तर औषध उष्टं झालं असतं. म्हणून मी डाव्या तळहातावर थोडं ओतायचो, त्यांच्यासमोर पिऊन टाकायचो आणि जीभ बाहेर काढून दाखवायचो. मग चाचा सलाम करून निघायचे. रांगेतल्या लोकांनी ते पाहिलं आणि एकेक जण तेच मागायला लागला. दिवसभरात खोकल्याचं, तापाचं, पोटाचं, सगळं माझ्या तळहातावरून पोटात जायचं. फक्त जुलाबाच्या औषधाला मी हात जोडायचो. म्हणायचो, "बाबा, हे मी घेतलं तर खिडकीशी कोण बसेल?" लोक हसायचे. ते औषध तेवढं न चाखता विश्वासावर जायचं. आणि सगळ्यात जास्त खपायचंही तेच.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. त्या काळी डॉक्टर, हकीम, वैद्य, घरातली म्हातारी, ह्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं : पोट धुऊन काढलं, की रोग धुऊन निघतो. ताप आला, जुलाब. डोकं दुखलं, जुलाब. काही झालं नाही तरी ऋतू पालटताना जुलाब. एरंडेल, सोनामुखीचा काढा, नाहीतर विलायती मीठ. माणूस मलूल होऊन भिंतीला टेकला, की घरचे समाधानानं म्हणायचे, आता कसा हलका झाला! आम्हीही तेच शिकलो होतो. ते चुकीचं असेल, ही एकच शंका त्या संशयाच्या काळात कुणाला आली नाही.

शाळेचं बोर्डिंग आमच्या दवाखान्याला जोडलेलं होतं. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं तिथं राहायची. देखरेखीला एक मास्तर होते. शिस्तीचे, आणि मुलांवर जीव असलेले, हेही सांगायला हवं. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. म्हणून गुरुवारी संध्याकाळी जुलाब, म्हणजे शुक्रवारी तो आपलं काम करून घेईल, शाळा बुडणार नाही. हा क्रम मास्तरांनी लावला होता. मी एरंडेलाचा डबा आणि चमचा घेऊन जायचो. मुलं ओळीनं उभी राहायची, नाकं दाबून गिळायची, आणि मास्तर प्रत्येकाला "आ" करायला लावून गिळलं की नाही ते बघायचे. संशय तिथंही होताच.

दोन भाऊ होते, चिकलठाण्याकडचे. ते डबा दिसला, की पसार. भिंतीवरून उडी टाकून मागच्या शेतात. आणि एक नारायण होता, फर्दापूरजवळच्या खेड्यातला. त्याला कधी दोनदा सांगावं लागलं नाही. चमचा गिळायचा आणि वर म्हणायचा, "झालं, सर." मास्तर त्याचं उदाहरण द्यायचे.

बोर्डिंगच्या फाटकावर गयाबाई बसायची. मुकुंदवाडी तेव्हा शेतांमधलं गाव. तिथून डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन ती चालत यायची. बरोबर ज्वारीच्या भाकरीचे तुकडे असायचे. ज्या मुलाकडं काही नसे त्यालाही वाटी मिळे. मी दुपारचा डबा घेऊन तिच्याकडंच जायचो. ताक पातळ, किंचित आंबट, वर लोण्याचे बारके कण. मी म्हणायचो, "गयाबाई, पाणी लई झालं आज."

ती म्हणायची, "तुमच्या औशिदात काय असतंय, कंपोंडरसाब? तुमी त्याला लाल रंग देता, मी देत नाय, एवढंच."

त्या पावसाळ्यात जिल्ह्यातून पटकीच्या बातम्या यायला लागल्या. मास्तर घाबरले. दवाखान्यात येऊन डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "आठवड्यातून एकदा पुरणार नाही. पोटं स्वच्छ राहिली तर रोग धरणार नाही." डॉक्टरसाहेबांपुढं तापाच्या पेशंटांची रांग होती. त्यांनी मान वर न करता "ठीक आहे" म्हटलं. मी डबा घेऊन जास्त वेळा जाऊ लागलो. मुलं वाळली. ओठ फुटले, कुणाच्या तोंडात फोड आले. ते मी बघत होतो. मला वाटलं, घाण निघतेय.

मग मुलं आजारी पडली. पटकी नव्हे. ताप, पोटात पीळ, आव, मग रक्त. एकापाठोपाठ एक. बोर्डिंगच्या पडवीत चटया टाकून मुलं निजवली. मी मिक्स्चर नेत होतो, ताप बघत होतो. ते दोघे भाऊही पडले, पण लवकर उठून बसले. नारायण उठला नाही. तिसऱ्या प्रहरी त्यानं माझ्याकडं पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. त्याचं गाव लांब. बापाला निरोप पोचून तो येईपर्यंत थांबता येण्याजोगं नव्हतं. मास्तरांनीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर गर्दी होती. कुणीतरी म्हणालं होतं, ताक. कुणी म्हणालं ते शोधायचा मी पुढं प्रयत्न केला, पण असल्या शब्दाला आईबाप नसतात. मास्तर फाटकात उभे होते, डोळे सुजलेले. शिपाई होता. रस्त्यावरची माणसं होती, त्यात आमचे जमादार चाचाही. गयाबाईनं मडकं खाली ठेवलं होतं आणि ती नुसती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती.

मास्तर म्हणाले, "पाणी कुठलं घालतेस ताकात?"

"आमच्या आडाचं. आख्खं गाव पितंय ते पानी."

"मग पोरं कशानं पडली?"

"मला काय ठावं, मास्तर? मी काय आत येऊन बसते का तुमच्या?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तोंड बघा किती चालतंय."

तेवढ्यात तिला मी दिसलो. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मला आजही नको वाटतो. ती म्हणाली, "हे बघा, कंपोंडरसाब आले. हे तर रोज पितात. इचारा त्यांना."

मास्तर म्हणाले, "बरं झालं आलात. दवाखान्याच्या माणसानंच सांगावं."

गयाबाईनं मडक्यातून वाटी भरली. आधी स्वतःच्या तळहातावर थोडं ओतलं आणि प्याली.

मास्तर म्हणाले, "तू पिशीलच. तुझंच आहे."

"मग ह्यांना देते. कंपोंडरसाब, जमादाराला औशिद दावता ना हातावर घिऊन? तसं माझं एक घोट दावा पिऊन. एकच. बास."

तिनं वाटी पुढं केली. मी हात पुढं केला नाही.

तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलोय. भीती होती, हे खरं. रात्रभर रक्त धुतलं होतं आणि त्या वाटीकडं बघताना मलाही वाटलं, असेल की, कुणी सांगावं? पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ताक नाही, तर मग काय? मुलांच्या पोटात बाहेरून दुसरं काय जात होतं? ते माझ्या डब्यातून जात होतं. माझा हात मागं राहिला तो ह्यातल्या कशामुळं, ह्याचा निवाडा माझा मीच करणं बरोबर नाही. मला माझाच भरवसा वाटत नाही.

मी म्हणालो, "तपासणी झाल्याशिवाय मला घेता येणार नाही."

तपासणी वगैरे आमच्याकडं काही नव्हती. नमुना हैदराबादला पाठवावा लागायचा, आणि कुणी पाठवलाही नाही. पण शब्द भारी होता. मास्तरांना तेवढाच हवा होता. त्यांनी शिपायाला खूण केली आणि शिपायानं पायानं मडकं कलंडवलं. ताक गटाराकडं वाहिलं. वाटीतलं ताक गयाबाईनं स्वतः पिऊन टाकलं, वाटी पदराला पुसली, रिकामं मडकं उचललं आणि निघाली.

फाटकावर एक तांबडा कुत्रा असायचा. त्यानं येऊन ते ताक चाटूनपुसून साफ केलं. पुढं बरेच दिवस सगळे त्या कुत्र्याकडं टक लावून बघत होते. तो कुत्रा माझी बदली होईपर्यंत त्या फाटकावर भुंकत होता. पण कुत्र्याची साक्ष कोण घेतो?

जमादार चाचा त्या आठवड्यात खिडकीशी आले. मी बाटली भरली आणि सवयीनं तळहातावर ओतायला गेलो. चाचांनी माझं मनगट धरलं.

"रहने दो, कंपोंडरसाब. उससे कुछ मालूम नै होता."

औषध घेऊन गेले. पुढंही येत राहिले. "पहले तुम" मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

नारायणाचा बाप त्यानंतर आला. उंच, वाळका माणूस, खांद्यावर घोंगडी. मास्तरांनी त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. त्यानं खिडकीत दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, "सायेब, पोरानं काय खाल्लं व्हतं?"

मी म्हणालो, "फाटकावरचं ताक घेत होता म्हणतात."

तो म्हणाला, "नारायणानं? ताक?"

"हो, म्हणतात."

"त्याला आंबट चालतच नव्हतं. घरी कढी केली तर ताटावरनं उठायचा. त्याच्या आईला इचारा."

त्याची नजर माझ्या मागच्या बरण्यांवरून फिरली. लाल, गुलाबी, पिवळी.

"मग तुमी काय देत व्हता त्याला?"

"पोट साफ व्हायचं औषध."

"पोट खराब व्हतं का त्याचं?"

"नाही."

"मग साफ काय करत व्हता?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मागं रांग होती, कुणीतरी म्हणालं, "चला हो, पुढं." तो बाजूला झाला, घोंगडी सारखी केली आणि गेला.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरसाहेबांपुढं जाऊन उभा राहिलो आणि बापाचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. गयाबाईचं सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "जुलाब बंद कर दो." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः बोर्डिंगात गेले. ताकवाली यायची बंद होऊन बरेच दिवस झाले होते, तरी नवी मुलं पडतच होती. त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हौद उपसायला लावला. हौदाच्या तळाशी भेग होती आणि पलीकडं संडासाकडून येणारी मोरी. पाणी उपसलं, भेग बुजवली, चुना टाकला, मुलांना पाणी उकळून द्यायला लावलं. आजार ओसरला.

हौद दुरुस्त झाला ही गोष्ट कुणाच्या तोंडी राहिली नाही. भेग कुणाला शिव्या द्यायला पुरत नाही. बाई पुरते. मास्तरांना हौदाचं समजलं तेव्हा मी म्हणालो, "मग त्या गयाबाईला…" ते म्हणाले, "जाऊ द्या आता. पुन्हा कशाला तोच विषय?" आणि मी जाऊ दिलं. मुकुंदवाडीत गयाबाईकडचं दूध-ताक घेणं लोकांनी सोडलं, असं मी नंतर ऐकलं. दवाखान्याच्या माणसानंसुद्धा तिच्या हातचं घेतलं नाही, असं लोक म्हणत. ते खरंच होतं.

आता थोडं शहाणपणाचं. माझी नात डॉक्टर आहे. ती सांगते, की माणसाच्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदतात, आणि त्यांतले पुष्कळसे आपले सोबती असतात. अन्न पचवायला मदत करतात, बाहेरून आलेल्या रोगजंतूंना बसायला जागा देत नाहीत. शरीराची राखण करणाऱ्या पेशींचा मोठा फौजफाटा आतड्याच्या भिंतीलगतच असतो, आणि ह्या सोबत्यांच्या संगतीनंच त्याला आपला कोण आणि परका कोण हे कळायला लागतं. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, ताक, असलं साधं खाणं ह्या सगळ्यांना धरून ठेवतं. ऐकता ऐकता मी तिला म्हणालो, "म्हणजे आम्ही घर झाडायचं म्हणून राखणदारालाच बाहेर काढत होतो."

ती म्हणाली, "आजोबा, तसं पुरतं रिकामं होत नाही. पण रोज रोज धुतलंत तर कमजोर होणारच."

मी जन्मभर संशयात वावरलेला माणूस. माझा तिच्या ह्या नव्या ज्ञानावरही पुरता विश्वास नाही. जुलाबाच्या वेळी आम्हीही इतक्याच खात्रीनं बोलायचो. आता दुकानांतून पोटाचे चांगले जंतू म्हणून पुड्या आणि बाटल्या विकायला आल्यात. त्यांचे रंग बघितले, की मला माझ्या गुलाबी मिक्स्चरची आठवण होते. आणि कुणी असंही समजू नये, की ताक पिणारा आजारी पडत नाही. ते दोघे भाऊ ताक प्यायचे, जुलाब चुकवायचे, आणि पडलेच. रोग हौदातून आला होता. आवेला, पटकीला ताक हे औषध नव्हे, तिथं दवाखानाच गाठावा. ते भाऊ लवकर का उठले आणि नारायण का उठला नाही, ह्याचं उत्तर मला जे वाटतं ते वाटतं. दोन पोरांवरून काही सिद्ध होत नाही, असं नात म्हणते, आणि ते बरोबर आहे. पण एका गोष्टीला सिद्धतेची गरज नाही. ताकाचा दोष नव्हता, गयाबाईचा नव्हता. नारायणानं ते ताक कधी तोंडाला लावलंच नव्हतं.

स्मरणिका वाचल्यावर मी नातीला घेऊन मुकुंदवाडीला गेलो. आता तिथं शेत शोधून सापडत नाही. विचारत विचारत रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत गयाबाईचं घर सापडलं. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा होता, सत्तरीच्या पुढचा, ओट्यावर बसलेला. मी जुन्या ओळखीचा म्हणून सांगितलं. त्यानं सुनेला हाक मारली, "पाव्हण्यांना ताक आण."

सून स्टीलचा ग्लास घेऊन आली. देण्याआधी तिनं ग्लासातलं थोडं ताक आपल्या तळहातावर ओतलं, प्याली, हात पदराला पुसला आणि मग ग्लास माझ्यापुढं केला.

माझ्याच्यानं ग्लास घेववेना. नातीनं विचारलं, "असं का करता हो तुम्ही?"

सून हसली. "आमच्या घरची रीत हाय. भायेरच्या माणसाला ताक देताना आधी आपण घ्यायचं. आजेसासूपासून चालत आलंय. आमच्या माहेरी नाय असलं काही."

"कशासाठी?"

"काय म्हाईत? त्या करायच्या म्हणून आमी करतो."

मग मी बोललो. फाटक, वाटी, तपासणी, कुत्रा, नारायणाचा बाप, हौद. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. दवाखान्याच्या खिडकीशी रोज दिसायची ती, संशयाची.

"आज का सांगताय?" तो म्हणाला.

मी स्मरणिकेचं सांगितलं. मी ते खोडून लिहिणार आहे, दिवाळी अंकात छापून येणार आहे, असंही सांगितलं.

"त्यात तुमचं नाव मोठं व्हईल का आमच्या आईचं?"

"मला नाही वाटत माझं होईल."

"लिवा मग. पण छापायच्या आधी मला वाचून दावायचं. मला वाचता येतंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याप्रमाणं हे लिखाण घेऊन गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. ओट्यावर बसून वाचलं. त्यानं मधे एकदाच हात वर केला. म्हणाला, "मडकं शिपायानं कलंडवलं म्हणता. आई म्हणायची, कुणी हात लावायच्या आधी तिनं सोताच वतलं." मला शिपायाचा पाय आठवतो. त्याला आईचे शब्द आठवतात. दोन्ही इथं ठेवतो. मला माझाच भरवसा वाटत नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

वाचून संपल्यावर आत बघून त्यानं सुनेला हाक मारली. ती ग्लास घेऊन आली आणि सवयीप्रमाणं तो आपल्या तळहातावर कलता करायला लागली.

मी म्हणालो, "थांब बाई. माझ्या हातावर ओत."

तिनं सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं माझ्या डाव्या तळहातावर ताक ओतलं. थोडं मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. हातावर उरलेलं मी त्याच्यासमोर प्यालो. मग तिनं तो ग्लास सासऱ्याच्या हातात दिला, आणि तो प्याला.